सी ड्राइव्हची जागा कोण खातंय, ते कसं शोधायचं

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की रिकामी जागा 10 टक्क्यांच्या खाली गेली असं समजायचं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी फोटो पुसायला जातो. थोडं थांबा. सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा एक्सप्लोररमध्ये दिसतच नाहीत, म्हणून आधी मोजमाप करा.

खोक्यावर 512 जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये 476 जीबीच दिसते, त्याची काळजी नको. डिस्क बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात. विंडोज 1024 गुणिले 1024 गुणिले 1024 धरतं. फरक फक्त मोजण्याचा.

सुरुवात सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथून करा. अ‍ॅप्स किती, सिस्टिम किती, याचा ढोबळ अंदाज तिथं येतो. ‘टेम्पररी फाइल्स’ उघडल्यावर यादीतल्या ‘डाउनलोड्स’वर खूण नाही ना, हे आवर्जून बघा. बँकेची स्टेटमेंट, सातबाराचे उतारे, भरलेले फॉर्म बहुतेकांचे तिथंच पडलेले असतात आणि इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. मोठ्या अपडेटनंतर याच यादीत ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसतं. ते बऱ्याचदा 10 जीबीच्या पुढं असतं. साधारण 10 दिवसांनी विंडोज ते आपणच काढतं. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर आधीही काढता येतं, पण मग जुन्या आवृत्तीवर परतायची वाट बंद होते.

खरा शोध मात्र विझट्रीसारख्या प्रोग्रॅमनं लागतो. घरगुती वापरासाठी तो फुकट आहे. ऑफिसात वापरायचा तर परवाना लागतो, किंवा मुक्तस्रोत विनडरस्टॅट घ्या. विझट्री एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएस (फाइली ठेवायची विंडोजची नेहमीची पद्धत) डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवहीच वाचतो, त्यामुळे लाखो फाइलींचा हिशेब काही सेकंदांत लागतो. त्यासाठी तो उजव्या क्लिकनं ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. नाहीतर ज्या फोल्डरांना हात लावायची परवानगी नाही ते हिशेबातून गळतात. क्रम लावताना ‘साइझ’ नव्हे, ‘अलोकेटेड’ हा रकाना निवडा. वनड्राइव्हवरच्या, फक्त ऑनलाइन असलेल्या फाइली ‘साइझ’मध्ये मोठ्या दिसतात, पण डिस्कवर त्यांची जागा जवळजवळ शून्य असते. आणि त्या पुसल्या तर सगळीकडूनच जातात.

आता सगळ्यात मोठा फोल्डर उघडत आत जा. वाट बहुधा युजर्स, तुमचं नाव आणि मग अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरकडे जाते. तिथं ब्राउझरचा कॅशे, आयफोनचे जुने बॅकअप, आउटलुकच्या फाइली सापडतात. आउटलुकच्या बाबतीत फाइलीच्या नावाची शेवटची अक्षरं नीट वाचा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या टपालाची प्रत असते. ती लहान करायची तर अकाउंटच्या सेटिंगमध्ये किती महिन्यांचं टपाल ऑफलाइन ठेवायचं ते कमी करा. पीएसटीमध्ये मात्र तुमच्या टपालाची एकमेव प्रत असू शकते. तिला हात लावू नका. आयफोनचे बॅकअपही फोल्डरमधून न पुसता आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हायसेसमधूनच काढा.

ड्राइव्हच्या मुळाशीच हायबरफिल नावाची एक मोठी फाइल दिसेल. हायबरनेटसाठी, म्हणजे उघडलेलं काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करायच्या सोयीसाठी, ती साधारण रॅमच्या 40 टक्के जागा धरून ठेवते. 16 जीबी रॅमला साडेसहा जीबीच्या आसपास. हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: पॉवर या शब्दाला जोडून सी, एफ, जी, स्पेस, तिरकी रेघ (/) आणि एच, स्पेस, ऑफ. फाइल लगेच जाते, पण फास्ट स्टार्टअपही बंद होतं. शेजारची पेजफाइल राहू द्या, रॅम अपुरी पडली की तीच उपयोगी येते.

विंडोज फोल्डरातला विनएसएक्सएस एक्सप्लोररमध्ये खूप फुगलेला दिसतो. त्यातल्या पुष्कळ फाइली सिस्टिममधल्या फाइलींच्याच दुसऱ्या नोंदी असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. हातानं काही काढलंत तर अपडेट अडतील, कदाचित विंडोजही सुरू होणार नाही. ‘टेम्पररी फाइल्स’मधल्या ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करा, तेवढं पुरे.

शेवटी विझट्रीची बेरीज आणि ड्राइव्हची वापरलेली जागा ताडून बघा. 20-30 जीबीचा फरक असेल तर पहिला संशय सिस्टिम रिस्टोअरच्या (बिघाड झाला तर विंडोज आधीच्या स्थितीत नेणाऱ्या सोयीच्या) जुन्या प्रतींवर घ्यायचा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘करंट युसेज’पुढं खरा आकडा दिसेल. प्रोटेक्शन बंद करू नका. ‘मॅक्स युसेज’ची पट्टी 3 ते 5 टक्क्यांवर आणून ‘अप्लाय’ दाबा. जागा मोकळी होते आणि सर्वांत ताजे रिस्टोअर पॉइंट त्या मर्यादेत मावतील तेवढे शिल्लक राहतात.