रॅटलिंग करताना या चुका टाळा: हरीण येतं, पण तुम्हाला दिसत नाही

शिंगावर शिंग आपटून दोन नरांच्या झुंजीचा आवाज काढायचा आणि त्या आवाजावर तिसऱ्या नराला जवळ आणायचं, याला अमेरिकेत रॅटलिंग म्हणतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, म्हणजे व्हाइटटेलसाठी, दक्षिण टेक्सासच्या मेस्किटच्या काटेरी रानात हे जितकं चालतं तितकं फार कमी ठिकाणी चालत असेल. तरीही पहिल्या हंगामानंतर नवख्यांची तक्रार ठरलेली असते: "तासभर खडखडवलं, एकही आलं नाही." बहुतेक वेळा हे खरं नसतं. हरीण आलेलं असतं. त्याला तुमचा वास लागलेला असतो, तुमचा हात हललेला दिसलेला असतो, नाहीतर ते पोचायच्या आत तुम्ही उठून चालते झालेले असता.

वारा तोंडावर घेऊन बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती अर्धवट ऐकलेल्या सल्ल्यातून होते. दबकत हरणाच्या जवळ जायचं असेल तर वारा तोंडावर हवा, हे बरोबर आहे. रॅटलिंगमध्ये मात्र तुम्ही जागेवर असता आणि हरीण तुमच्याकडे येतं. अनुभवी नर आवाजावर सरळ चालून येत नाही. तो वळसा घालतो आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो तिकडे, जाऊन लढणारे कोण आहेत ते आधी हुंगून घेतो.

प्रसंग नेहमी असाच घडतो. सकाळचे साडेसात, वारा उत्तरेचा. शिकारी सेंदेरोच्या, म्हणजे रानातून बुलडोझरने काढलेल्या सरळ पट्ट्याच्या कडेला मेस्किटला पाठ लावून बसतो. तोंड उत्तरेला, समोर दोनशे यार्ड मोकळं, पाठीमागे निवडुंग आणि झुडपांची दाट जाळी. दीड मिनिट शिंगं जोरात वाजतात. पाच-सहा मिनिटं काही नाही. मग पाठीमागून चाळीस यार्डांवरून एक फुत्कार, जाळीत वर झालेली पांढरी शेपटी आणि खुरांचा आवाज. मान वळेपर्यंत सगळं संपलेलं. हा निदान फुत्कारला म्हणून कळलं तरी. पुष्कळ नर आवाज न करता परत फिरतात, आणि शिकारी "इथे हरणंच नाहीत" म्हणत घरी जातो.

टेक्सासमध्ये सिंटनजवळच्या वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूजवर मिकी हेलिकसन आणि सहकाऱ्यांनी 1992 ते 1995 या काळात 171 वेळा रॅटलिंग करून नोंदी ठेवल्या. 111 नर आले, आणि त्यातले साधारण दोन-तृतीयांश पहिल्यांदा दिसले ते वाऱ्याच्या खालच्या बाजूला. म्हणजे तुमची मोकळी जागा, तुमची नजर आणि बंदुकीचं तोंड त्याच बाजूला हवं. सेंदेरो, वाळलेला ओढा किंवा कापलेलं शेत तुमच्या वाऱ्याखाली साठ ते दीडशे यार्डांवर येईल अशी जागा निवडा. वळसा घालणाऱ्या नराला ती पट्टी उघड्यावर ओलांडावी लागते, आणि ती ओलांडताना तुमच्या वासाच्या पट्ट्यात पूर्ण शिरायच्या आत तो दिसतो.

दोघं असाल तर सोपं आहे. शिंगं वाजवणारा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, बंदूकवाला त्याच्या वाऱ्याखाली पन्नास-साठ यार्डांवर, थोडा बाजूला सरकून. गोळी कोणत्या दिशेला चालवायची आणि कोणत्या दिशेला अजिबात नाही, हे उजाडायच्या आत बोटाने दाखवून ठरवा.

वारा गालावर अजमावू नका. बिनवासाच्या पावडरीची छोटी पिचकारी बाटली खिशात ठेवा आणि बसण्याआधी, मग दर दहा मिनिटांनी एक फुंकर सोडा. डोंगराळ भागात पहाटेची गार हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढू लागते. सातला निवडलेली जागा साडेनऊला कुचकामी होते ती यामुळे.

जागेवरून लवकर उठणं

या बाबतीत नवख्यांची घाई बघवत नाही. दोनदा खडखडवलं, आठ मिनिटं बसले, पुढच्या जागी निघाले. जवळचा तरुण नर दोन मिनिटांत धावत येईल, पण मोठा नर चारशे यार्डांवरून थांबत, ऐकत, वळसा घालत येतो. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुम्ही उठून मागे पाहिलंत तर तो तिथे उभा असण्याची शक्यता असते, आणि तुम्हाला उभं राहिलेलं बघून तो त्या भागात परत लवकर फिरकत नाही.

आमची पद्धत अशी: जागेवर येऊन आधी पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. मग वीस-तीस सेकंद नुसती टोकं टोकांवर टिचकवायची, कारण शंभर यार्डांच्या आत कुणी झोपलेला असेल तर पहिल्याच दणक्याने तो उधळतो. दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग एक-दीड मिनिट खरी झुंज: शिंगं आदळायची, अडकवायची, मनगट पिळून घासायची, मध्येच बुंध्याने जमिनीवर ठोके द्यायचे, झुडूप ओरबाडायचं. त्यानंतर आठ-नऊ मिनिटं पूर्ण शांतता. असं तीनदा. शेवटच्या वेळेनंतर घड्याळ लावून तीस मिनिटं. मगच उठायचं, आणि पुढची जागा निदान अर्धा किलोमीटर लांब.

नर दिसला की शिंगं खाली. हा नियम मोडू नका. शंभर यार्डांवर उभा राहून कान रोखून बघणाऱ्या हरणासमोर पुन्हा खडखडवलं तर आवाज नेमका कुठून आला ते त्याला कळतं, आणि तिथे दोन हरणं नाहीत हेही. तो पाठ फिरवून जात असेल तर ग्रंट कॉलवर, म्हणजे नराच्या हुंकाराचा आवाज काढणाऱ्या फुंकणीवर, एक हलका हुंकार पुरे.

हळू वाजवणं

लाजत लाजत वाजवू नका. वेल्डरच्या नोंदींत हळू वाजवण्यापेक्षा जोरात वाजवल्यावर जवळजवळ तिप्पट नर आले. एक मिनिट वाजवलं की तीन मिनिटं, याने विशेष फरक पडला नाही. दोन मोठे नर खरोखर भिडतात तेव्हा झुडपं मोडतात, दगड उडतात. जोराचा वारा सुटला असेल तर तो दिवस सोडा, कारण आवाज पोचत नाही.

चुकीचा आठवडा, चुकीचं रान

माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर नाही. टेक्सासच्या हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, तो साधारण नोव्हेंबरमध्ये भरात येतो, दक्षिणेत डिसेंबरच्या मध्यावर. भर सुरू होण्याआधीचे दिवस सोन्यासारखे. ऐन भरात ज्याला मादी मिळाली तो तिला सोडून येत नाही, पण ज्याला मिळालेली नाही तो धावत येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जीव तोडून वाजवण्यात अर्थ नाही. हिल कंट्रीत 1932 साली आणलेल्या आपल्या चितळांचे कळपही दिसतील. त्यांचा माज एका ठरलेल्या हंगामात बांधलेला नसतो, त्यामुळे हे वेळापत्रक त्यांना लावू नका.

जिथे एका नरामागे पाच-सहा माद्या आहेत तिथे झुंजायचं कारणच उरत नाही. नर-मादी संख्या जवळपास सारखी आणि पोक्त नर भरपूर, अशा रानात रॅटलिंग फळतं. राखलेल्या रँचवरचे व्हिडिओ बघून सार्वजनिक जंगलात तीच अपेक्षा धरणाऱ्यांची निराशा इथून सुरू होते.

शिंगं

वर्षानुवर्षं उन्हात पडून पांढरी पडलेली शिंगं पोकळ, खडूसारखी वाजतात. त्याच हंगामात गळलेली, तपकिरी, वजनदार जोडी घ्या, एक डावं आणि एक उजवं. कपाळाजवळचा फाटा कापून टाका, बाकीची टोकं कानशीने बोथट करा, नाहीतर पहिल्या दणक्याला अंगठा सोलून निघेल. सुकली असतील तर रात्रभर पाण्यात ठेवा. बुंध्याशी भोक पाडून दोरी ओवा. वाजवून झाल्यावर शिंगं मांडीजवळ जाड कापडावर ठेवायची, दगडावर टाकायची नाहीत. बंदूक झाडाला टेकवून नको, मांडीवरच हवी. रॅटल बॅग, म्हणजे हाताने चोळून शिंगांचा आवाज काढायची कांड्यांची पिशवी, नेआण करायला सोयीची, पण खऱ्या शिंगांचा भारदस्त दणका तिच्यात नाही.

गावाहून चितळ-सांबराचं गळालेलं शिंग आणायचा विचारही नको. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार तर बंद आहेच, पण असं शिंग उचलून जवळ ठेवणंही गुन्हा आहे.

कागदपत्रं

2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर जास्त सांभाळा. संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि चालू शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. टेक्सासचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो. तो नवा करायला विसरून बंदूक हाताळली तर प्रकरण थेट व्हिसापर्यंत जाऊ शकतं. अनेक काउंट्यांमध्ये शिंगांचा आतला पसारा 13 इंच किंवा जास्त, नाहीतर निदान एक शिंग बिनफाट्याचं, असाच नर मारता येतो. हे गोळीआधी दुर्बिणीतून तपासायचं.

आपण हरणाचा आवाज काढतोय हे विसरणं

सार्वजनिक रानात तुमच्या आवाजावर दुसरा शिकारीही येतो, भरलेली बंदूक घेऊन, झुडपात हलणारी शिंगं शोधत. टेक्सासच्या सार्वजनिक शिकार-जमिनीवर अंगावर 400 चौरस इंच भडक नारिंगी सक्तीचं आहे, त्यातलं छातीवर आणि पाठीवर प्रत्येकी निदान 144, शिवाय डोक्यावर नारिंगी टोपी. खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, शीळ घालू नका, मोठ्याने स्पष्ट शब्दांत हाक मारा. आणि चालताना शिंगं पाठीवर उघडी लटकवू नका. नारिंगी कापडात गुंडाळून, गाठ मारून, पिशवीच्या आत.