गोडाऊनच्या फायर सेफ्टीत यायचंय? मग आधी पंपरूम बघा

परवा दांडिया बाजारातल्या एका काकूंनी त्यांच्या मुलाला माझ्याकडे पाठवलं, बारावी झालीय, फायरचा कोर्स करू का हे विचारायला. वर्षाला असे चार-पाच जण येतातच आणि दरवेळी मी तेच तेच बोलतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी बडोद्यात २०१४ पासून गोडाऊन आणि कमर्शियल बिल्डिंगच्या फायर सेफ्टीत आहे. आई अजूनही लग्नाकार्यात सगळ्यांना सांगते "आमचा बंबावर आहे". बंबावर मी एक दिवसही नव्हतो.

पहिला घोळ तिथेच होतो बघा. फायर ब्रिगेडमध्ये जायचं असेल तर तो रस्ता वेगळा, तिथे भरती, उंची-छाती, पळणं हे सगळं आलं. नागपूरला नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे, १९५६ सालचं, तिथला सब ऑफिसरचा कोर्स मिळाला तर डोळे झाकून घ्या, फायर इंजिनियरिंगची डिग्रीपण आहे तिकडे. मला नाही मिळालं, मी प्रायव्हेटमधून एक वर्षाचा डिप्लोमा केला. पूर्ण वर्षात आम्ही होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचा पाइप, किती वेळा उघडला असेल? चार वेळा. तेव्हा अ‍ॅडमिशन घेताना "शंभर टक्के जॉब"चा बोर्ड बघू नका, ग्राउंडवर हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन आहे का, त्यात पाणी आहे का आणि धुरात श्वास घ्यायचा बीए सेट प्रत्येकाला घालायला देतात का, एवढं स्वतः जाऊन बघा. आणि हो, फायरचा डिप्लोमा वेगळा, इंडस्ट्रियल सेफ्टीचा वेगळा. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर दुसरा लागतो, तोही सरकारमान्य. माझ्या बॅचच्या तिघा-चौघांना हे पैसे भरून झाल्यावर समजलं.

माझी पहिली नोकरी मकरपुऱ्याकडच्या एका मोठ्या गोडाऊनवर, पगार साडेनऊ हजार. पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लॅस्टिकचा माल, कापसाच्या गाठी, सगळं एका छताखाली. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने सगळ्या फायर बाटल्या, म्हणजे एक्स्टिंग्विशर, मोजून, तारखा लिहून आलो तर आमचे सीनियर, गुजराती होते, चहा पीत म्हणाले ते ठीक आहे पण पंपरूमची चावी कोणाकडे असते? मला माहीत नव्हतं. आठवडाभर तरी मला वाटायचं हा माणूस उगाच खोड काढतोय.

पंपरूममध्ये साधारण तीन पंप असतात. छोटा तो जॉकी, लाइनमधलं प्रेशर टिकवायला. मोठा इलेक्ट्रिक तो मेन. आणि लाइट गेली तर डिझेल. आमच्याकडे लाइनला ७ किलो प्रेशर ठेवलेलं, ते थोडं खाली आलं की जॉकी आपोआप चालू, अजून पडलं की मेन, तोही चालला नाही तर डिझेल. हे सगळं कधी होणार, तर पॅनेलवरचा सिलेक्टर "ऑटो"वर असेल तेव्हा. आमची सगळी नोकरी त्या अंगठ्याएवढ्या बटणावर आहे म्हटलं तरी चालेल.

आता उत्तरायणची गोष्ट. बडोद्यात १४ जानेवारीच्या रात्री काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, आभाळभर तुक्कल, म्हणजे उडते कागदी कंदील, आणि त्या चायनीजवाल्या जळत्याच खाली येतात. २०१५ ला मी नाइटला होतो. साडेनऊच्या सुमारास एक तुक्कल मागच्या यार्डात लाकडी पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या ढिगावर पडली, त्या ढिगात माल गुंडाळायची प्लॅस्टिकची फिल्म कोंबलेली, आणि ढीग शटरपासून जेमतेम एक मीटरवर. मी आणि दोन गार्ड धावलो, बॉक्समधून होज काढला, जोडला, व्हॉल्व्ह उघडला, पाणी जोरात आलं आणि पाच-सात सेकंदांत नळासारखी धार. लाइनमध्ये जे प्रेशर साठलेलं होतं तेवढंच आलं, मागून पंप चालूच झाला नाही. मी एका गार्डला बाटल्या मारायला सांगून पंपरूमकडे पळालो, दोनशे मीटर तरी असेल, बघतो तर सिलेक्टर मॅन्युअलवर. जमिनीखालच्या लाइनला बारीक लीकेज होतं म्हणून जॉकी दर दहा मिनिटांनी चालू-बंद व्हायचा आणि पंपरूमच्या भिंतीला लागूनच गार्डची खाट. नंतर तो म्हणाला, "साहेब, आखी रात टक-टक थाय छे, ऊंघ नथी आवती." म्हणजे रात्रभर टकटक, झोप येत नाही. मी त्याला काय बोलणार, लीकेजची एंट्री तीन महिने रजिस्टरमध्ये होती, खाली माझीच सही.

मेन चालू केला आणि तिकडे दुसरा गार्ड आडवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, ६३ मिमीचा होज, ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, एकट्याच्या हातात, मग दुसरं काय होणार. नशीब, फक्त कोपर फुटलं. ब्रांचवर कायम दोघं, आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, हे कोर्समध्ये पाठ केलेलं असतं पण त्या क्षणी कोणाला आठवतंय. पावडरच्या तीन बाटल्यांनी ज्वाळा बसल्या होत्या खऱ्या, पण पावडर थंड करत नाही, लाकूड आतून लाल असतं, मिनिटभरात परत पेटलं. पाण्यानेच विझलं. १०१ ला फोन मी सगळ्यात शेवटी केला, तो सगळ्यात आधी करायचा असतो. ब्रिगेडवाल्यांनी येऊन पूर्ण ढीग उपसायला लावला, खालच्या पॅलेटमधून तेव्हाही धूर येत होता. कापसाच्या गाठीचं तर याहून वाईट, वरून विझलेली दिसते आणि आत दिवसभर धुमसत राहते, फोडूनच बघावी लागते.

बाकी रोजचं काम म्हणजे भांडणं. स्प्रिंकलरच्या, म्हणजे छतातल्या पाण्याच्या फवाऱ्यांच्या खाली अर्धा मीटर मोकळं हवं आणि दिवाळीआधी माल आला की स्टोअरवाले छताला टेकवतात, मग पाणी पसरणार कुठे? सिनेमात सगळे स्प्रिंकलर एकदम उडतात तसं नसतं, लाल काचेची गोळी ६८ डिग्रीला फुटते आणि जिथे तापलं तेवढाच उडतो. रंगारी त्याच गोळीवर डिस्टेंपर मारून जातात, तसला हेड पुसत बसायचं नाही, बदलायचा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) बाटलीला प्रेशरचा काटा नसतो, ती वजन करून बघायची. इमर्जन्सी दाराला चोरीच्या भीतीने कुलूप लावतात, त्यावरून माझं मॅनेजरशी जेवढं वाजलंय तेवढं बायकोशीपण नाही वाजलं. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये आगीत २२ मुलं गेली, त्यानंतर वर्षभर सगळे ऐकायचे. मग परत कुलूप.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा आमच्या एका साइटची पंपरूम बेसमेंटला होती, पॅनेलच बुडालं. बाहेर सगळीकडे पाणी आणि आमच्या लाइनला शून्य! सोळा दिवस भाड्याचा पंप लावून काढले.

इंटरव्ह्यूला फायर ट्रँगल (आगीला लागणारं इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन) सगळे सांगतात. मी विचारतो जॉकी वारंवार चालतोय, म्हणजे काय? दहातले दोघं लीकेज म्हणतात. त्यांनाच घेतो.

काकूंच्या मुलाला म्हटलं, शनिवारी सकाळी ये, डिझेल पंप चालवायचा वार असतो, आवाज सहन होतोय का बघ, मग फी भर. पठ्ठ्या आला वेळेवर, पण चप्पल घालून. परत पाठवला, बूट घालून ये म्हणून. अर्ध्या तासात मोठ्या भावाचे बूट घालून हजर, दोन नंबर मोठे.