लेंबेच्या काळ्या वाळूत डायव्हिंग: या चुका टाळा

इंडोनेशियातल्या सुलावेसीचं उत्तर टोक आणि लेंबे बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत पहिल्यांदा उतरणारा माणूस बऱ्याचदा हिरमुसतो. रंगीत प्रवाळ फारसे नाहीत, माशांचे मोठे थवे नाहीत. खाली नुसती ज्वालामुखीची काळी वाळू, मधूनच एखादी बाटली, टायर, नारळाची करवंटी. पण केसाळ फ्रॉगफिश, मिमिक ऑक्टोपस, फ्लॅम्बॉयंट कटलफिश पाहायला जगभरातले लोक इथेच येतात. ते दिसले नाहीत तर दोष बहुतेक वेळा आपल्या सवयींचा असतो.

सगळ्यांत मोठी चूक पायांची. तळाजवळ फिन (पायांत घालायचे पंख) वर-खाली मारले की बारीक वाळू धुरासारखी उठते आणि मागून येणाऱ्यांना काहीच दिसत नाही. गुडघे वाकवा, फिन शरीरापेक्षा वर ठेवा आणि बेडकासारखे पाय मारा. तरीही वाळू उडत असेल तर कमरेला बांधलेलं शिशाचं वजन तपासा. वजन जास्त झालं की पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फटका वाळूलाच बसतो. डाइव्हच्या शेवटी टँकमध्ये 50 बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, हवा भरायचं जॅकेट रिकामं करून 5 मीटरवर स्थिर राहून बघा. बुडायला लागलात तर पुढच्या वेळी एक किलो काढा. आपल्याकडे अनेकांचा पहिला डाइव्ह मालवण-तारकर्लीला होतो. तिथे प्रशिक्षक धरून फिरवतो, त्यामुळे तरंगण्याचा तोल आपल्याला आलेलाच नसतो. माझं स्पष्ट मत आहे की ओपन वॉटर हा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स आणि त्यानंतरचे वीसेक डाइव्ह झाल्याशिवाय लेंबेला जाऊ नये.

तोल गेला की माणूस हात टेकतो. इथे ते अजिबात करू नका. वाळूत स्टोनफिश आणि स्कॉर्पिअनफिश दडलेले असतात, त्यांचे विषारी काटे हातमोज्यातूनही टोचतात. ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस तर तळहातापेक्षाही लहान, पण त्याच्या चाव्यातल्या विषावर उतारा नाही.

प्राण्याला फोटोसाठी हलवणं ही चूक मला सगळ्यांत जास्त खुपते. एकदा आमच्या गाईडने काठीने करवंटी उचकटली. आत कोकोनट ऑक्टोपस होता. हा प्राणी दोन अर्ध्या करवंट्या पोटाखाली धरून नेतो आणि धोका दिसला की त्या मिटून आत बसतो. तो बाहेर पडला, क्षणात पांढराफटक झाला आणि उघड्या वाळूवरून पळत सुटला. घर मागेच राहिलं. मी तेव्हा गप्प बसलो, फोटोही काढला. आता बोटीवरच गाईडला सांगतो, ‘कशालाही हात लावू नका, फक्त बोटाने दाखवा.’

पिग्मी समुद्रघोड्याचंही तेच. त्याची लांबी दोन सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, आणि अंगावरच्या गाठी हुबेहूब सी-फॅनच्या, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळाच्या, कळ्यांसारख्या. 1969 मध्ये न्यू कॅलेडोनियात तो पहिल्यांदा सापडला तोही समुद्रात नव्हे, प्रयोगशाळेत आणलेला सी-फॅन तपासताना. तो पाठ फिरवून बसला तर फांदी वळवू नका. थांबा, किंवा सोडून द्या. हे सी-फॅन सहसा 20 मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असतात आणि फोटोच्या नादात खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे लक्ष राहत नाही. आधी खोलवरचं बघा, मग हळूहळू उथळ पाण्यात या.

पाणी 26 ते 28 अंश असलं तरी तासभर जवळजवळ न हलता थांबलं की थंडी भरते. हात कापायला लागले की फोटोही हलतात. 5 मिलिमीटरचा वेटसूट न्या. फोटोत पांढरे ठिपके येत असतील तर फ्लॅश लेन्सपासून लांब, थोडे बाहेरच्या बाजूला वळवा. जवळच्या मनाडो शहरातून परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी घ्या.

आणि मँडरिन फिश हा रंगीबेरंगी छोटा मासा पाहायला अंधार पडल्यावर जाऊ नका. सूर्य बुडण्याआधीच प्रवाळाच्या तुकड्यांपाशी पोहोचा आणि टॉर्च मंद किंवा लाल करा. संधिप्रकाशात नर-मादी अंगाला अंग लावून हातभर वर तरंगतात, अंडी सोडतात आणि एका झटक्यात खाली गायब होतात.