वर नवी खोली काढताय? गिझर आधी ठरवा
नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधीकधी 10 अंशांच्या खाली जातो. म्हणून वरच्या मजल्यावर खोली-बाथरूम वाढवताना गिझरचा विचार प्लास्टरच्या आधीच करा. दोघांना 25 लिटरचा साठवणीचा गिझर पुरतो. 60 अंशांचं पाणी थंडात मिसळलं की साधारण तीन बादल्या होतात. 2 किलोवॅटवर तापायला पाऊणएक तास धरा. त्याला स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवंच.

गॅस गिझर मात्र बाथरूमच्या आत नकोच. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. शिवाय पाण्याची टाकी डोक्यावरच असली की पाण्याचा दाब कमी पडतो, आणि गॅस गिझर पेटतच नाही. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी कॉइलवरचा क्षार काढून घ्या.