घरबसल्या काम करणारी ताई नेमली, तरी संस्था कुणाला माहीत होईना? या चुका टाळा

"ताई, ओटीपी आला होता हो, पण मी गाडीवर होतो. आत्ता बघितला." संस्थेच्या सचिवांचा हा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते, पोर्टलने मला बाहेर काढलेलं असतं आणि माझ्या दिवसाच्या दोन तासांतला पाऊण तास गेलेला असतो.

मी घरी बसून तीन छोट्या सामाजिक संस्थांचं अर्धवेळ काम करते. तिन्हींची अपेक्षा एकच: आपलं काम लोकांपर्यंत पोचावं, चार देणगीदार वाढावेत, एखाद्या कंपनीने विचारावं. त्यात गैर काहीच नाही. पण नेमणूक करतानाच बहुतेक संस्थांची पहिली चूक होते. "सोशल मीडिया बघणारी कुणीतरी हवी," असं म्हणून माणूस शोधला जातो.

मग काय होतं? ३ जानेवारीला सावित्रीबाईंचं पोस्टर, १४ एप्रिलला बाबासाहेबांचं, मधल्या सणांच्या शुभेच्छा, खाली कोपऱ्यात संस्थेचा लोगो. वर्षाला साठ-सत्तर पोस्टर होतात. त्यांना लाइक देणारे विश्वस्तांचेच नातेवाईक. मीही पहिलं वर्ष हेच केलं, आणि वर्षअखेरीस एकही नवा देणगीदार दाखवता आला नाही.

कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, बघणारा माणूस पोस्टर मागत नाही. तो विचारतो, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे का, सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठीचा नोंदणी फॉर्म) भरलाय का, दर्पणचा (संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलचा) नंबर काय, तीन वर्षांचे ऑडिट पाठवा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी नसलेल्या संस्थेला कंपनी हा निधी देऊच शकत नाही. म्हणून अर्धवेळ माणसाचे पहिले दोन महिने याच कागदांवर घालवा. सगळं स्कॅन करून एका ड्राइव्हमध्ये, फाइलच्या नावात वर्ष घालून. शिवाय धर्मादाय कार्यालयात दाखल केलेले बदल अर्ज (विश्वस्त, पदाधिकारी बदलले की द्यायचे) तपासा. कागदावर अजून दिवंगत अध्यक्षांचंच नाव असलेली संस्था मी पाहिली आहे. अशा वेळी ओळख करून द्यायची तरी कुणाची?

ओटीपीचं दुखणं मात्र पोर्टल बदलून जात नाही. ते असं सुटलं: आठवड्यातली एक वेळ ठरवली, बुधवारी सकाळी अकरा. त्या अर्ध्या तासात सचिव रेंजमध्ये, फोन हातात. ओटीपी लागणारी सगळी कामं तेव्हाच. आणि संस्थेची खाती संस्थेच्या ईमेलवर उघडा. आधीच्या स्वयंसेवकाच्या खासगी जीमेलवर काढलेलं फेसबुक पेज तो नोकरीला लागून निघून गेल्यावर उघडत नाही. मग नवं पेज काढावं लागतं, आणि जुनं बिचारं २०१९ च्या शिबिराचे फोटो दाखवत तसंच राहतं.

"फोटो पाठवलेत की!"

खरी गाडी अडते ती इथे. मी शहरात, काम तिकडे वाड्यावस्त्यांवर. माझ्याकडे येतात ते व्हॉट्सअॅपवर एकदम आलेले बेचाळीस फोटो. त्यांतले तीस हार घालतानाचे, खाली मजकूर काहीच नाही. कुठलं गाव, कधीचं, कोण बसलंय? चार दिवसांनी विचारलं तर कार्यकर्त्यालाही नीट आठवत नाही. मग मी "महिला सक्षमीकरणाचा उपक्रम उत्साहात संपन्न" असं काहीतरी लिहिते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

यावर अहवालाचा फॉर्म काढू नका. दिवसभर उन्हात फिरून आलेला माणूस रात्री फॉर्म भरणार नाही. त्याला बोलू द्या. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी एक व्हॉइस मेसेज येतो, दोन मिनिटांचा: कुठल्या गावी गेलो, किती जण आले, कोण काय म्हणालं, काय फसलं. लिहून काढायचं काम माझं. एकदा एक दादा सहज बोलून गेले, "बचत गटाच्या बैठकीला बाया उशिरा आल्या, कारण टँकर उशिरा आला." त्या वर्षीच्या अहवालात मी ते वाक्य तसंच घातलं. अहवाल वाचून एका देणगीदाराने फोन केला तो त्याच वाक्यावरून. टँकरचं काय झालं, हे त्यांना विचारायचं होतं.

फोटो आठवड्याला तीनच, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं, तारीख जाते आणि छापायला घेतले की फुटतात.

मुलांच्या फोटोंबाबत तर भिडेखातरही सूट नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दूर बसलेल्या माणसाला ते मूल कोण हे माहीत नसतं. त्यामुळे कुठला फोटो चालेल, हे संस्थेतल्याच एकाने ठरवायला हवं.

पावती ही सुद्धा प्रसिद्धीच आहे

देणगीदाराच्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं की १०बीडीच्या, म्हणजे संस्थेने प्राप्तिकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या, विवरणात त्याची देणगी त्याच्या नावावर येत नाही आणि वजावट अडकते. विवरणाची मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ज्याला प्रमाणपत्रासाठी तीनदा फोन करावा लागला, तो पुढच्या वर्षी देत नाही आणि चारचौघांत सांगतोही. म्हणून देणगी आली त्याच दिवशी नाव, पॅन, पत्ता एका शीटमध्ये भरणं, हे घरबसल्या काम करणाऱ्यासाठी सगळ्यात सोयीचं काम आहे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं की वाईटपणा आपल्याकडे येतो.

परदेशातल्या मंडळींकडून मदत मागतानाही असाच घोळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पण त्याच्या शेजारच्या, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगीच. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. उत्साहाच्या भरात "जगातून कुठूनही द्या" असं लिहून क्यूआर कोड टाकणाऱ्याला हे माहीत नसतं. आधी सांगून ठेवा.

गणेशोत्सवात 'लोकसत्ता' 'सर्वकार्येषु सर्वदा' मधून संस्थांची ओळख करून देतो. असं आपल्याबद्दल छापून यावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण पत्रकाराचा फोन आला की "उद्या माहिती देतो" म्हणायची वेळ येऊ नये. एक पान माहिती, पाच चांगले फोटो, शेवटचा अहवाल तयार असू द्या. त्या पानावरचे आकडे दर तिमाहीला बदला.

राहिलं मानधन. "सेवा समजून करा," म्हणत दोन तासांच्या पैशात सहा तास काम घेतलं की माणूस चार महिन्यांत जातो, आणि जाताना पासवर्डही त्याच्याच डोक्यात जातात. तास ठरवा, रात्री नऊनंतर फोन नको हे ठरवा. आणि पासवर्डची वही कुठे आहे, हे दोन विश्वस्तांना तरी ठाऊक असू द्या. आमच्या एका संस्थेत ती सध्या पावतीपुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. किल्ली मात्र अजून एकाच विश्वस्तांच्या खिशात असते, त्यावर काम चालू आहे.