हौशी छायाचित्रकाराने किंमत कशी ठरवावी आणि विक्री कशी करावी

आपले एखादे छायाचित्र कोणी विकत मागितले, की हौशी छायाचित्रकार दोनपैकी एक चूक हमखास करतो: संकोचाने ते फुकट देऊन टाकतो, किंवा त्या क्षणी तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा होतो. आकडा सांगण्यापूर्वी समोरच्याला नेमके काय हवे आहे, हे विचारून घेतले पाहिजे. भिंतीवर लावायला कागदावरची प्रत हवी असेल, तर आपण एक वस्तू विकत असतो. मुखपृष्ठासाठी, जाहिरातीसाठी किंवा संकेतस्थळासाठी फाइल हवी असेल, तर आपण वापराची परवानगी विकत असतो. या दोन व्यवहारांचा हिशेब निरनिराळा आहे, आणि किमतीचे बहुतेक घोळ दोन्ही एकाच मापाने मोजल्यामुळे होतात.

प्रतीचा हिशेब खर्चापासून सुरू होतो. छपाई, माउंट (प्रतीला आधार देणारा जाड पुठ्ठा) आणि वेष्टन हे खर्च सर्वांच्या लक्षात येतात. रंग बिघडल्यामुळे किंवा कोपरा दुमडल्यामुळे बाद झालेल्या प्रती मात्र सहसा कोणी धरत नाही. चलन कोणतेही असो, एका प्रतीमागे छपाईचे ५०, माउंटचे २५, वेष्टनाचे १५ आणि बाद प्रतींचा वाटा १० असे धरले, तर प्रत्यक्ष खर्च १०० होतो. फाइल छपाईसाठी तयार करणे, कडा कापणे, सही करणे आणि बांधाबांध यांत गेलेल्या वेळेचे ६० धरावेत. छंदच आहे म्हणून ही वेळ शून्य धरण्याची सवय आपल्याला असते; पण तीच प्रत पन्नासाव्यांदा बांधताना त्यातला छंद केव्हाच संपलेला असतो. या १६० वर ५० नफा धरला, म्हणजे आपल्या हातात २१० पडायला हवेत.

आता ही प्रत एखाद्या कलादालनात ठेवली आणि तिथले कमिशन विक्रीच्या ४० टक्के असले, तर २१० मध्ये ४० टक्के मिळवून २९४ ही किंमत लावण्याचा मोह होतो. इथेच गणित चुकते, कारण कमिशन विक्रीच्या किमतीतून कापले जाते. २९४ मधून ४० टक्के, म्हणजे सुमारे ११८ गेले, हाती १७६ उरले आणि ५० च्या नफ्यातले जेमतेम १६ शिल्लक राहिले. त्याऐवजी २१० ला ०.६ ने भागावे. ३५० ही खरी किंमत. घरून थेट विकतानाही हीच किंमत ठेवावी, कारण दालनात ३५० ला मांडलेली प्रत आपण परस्पर २१० ला देतो असे कळले, तर ते दालन आपले काम पुन्हा ठेवून घेईल अशी अपेक्षा करता येत नाही.

आकार ठरवताना फाइलची कुवत पाहावी. ६००० बाय ४००० पिक्सेलची, म्हणजे २४ मेगापिक्सेलची फाइल इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने २० बाय १३.३ इंच छापता येते. लांबून पाहायच्या मोठ्या प्रतीला इंचाला २०० पिक्सेलही पुरतात. कॅमेऱ्याची चौकट बहुधा ३:२ प्रमाणाची असते, तयार फ्रेम मात्र कित्येकदा १० बाय ८ ची मिळते, आणि माझ्या पहिल्याच विक्रीत मी हे विसरलो होतो. १२ बाय ८ मध्ये नीट बसणाऱ्या चित्रातून १० बाय ८ काढायचे, तर लांबीतले दोन इंच जाणारच. पाण्यावर उतरणाऱ्या बगळ्याच्या पसरलेल्या पंखाचे टोक त्या दोन इंचांत गेले. दोष छापणाऱ्याचा नव्हता. कोणत्या बाजूने कापायचे, हे मीच लिहून दिले नव्हते. पडद्याचा उजेड फार वाढवून काम केले, की प्रत काळवंडलेली येते, म्हणून मोठी प्रत काढण्यापूर्वी एक लहान नमुना छापून पाहावा.

मर्यादित प्रती काढाव्यात का, म्हणजे ठरावीक संख्येनंतर ते चित्र पुन्हा छापायचे नाही असे जाहीर करावे का, हा प्रश्न हटकून येतो. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांचे ऱ्हाइन नदीचे छायाचित्र २०११ मध्ये ४३ लाख डॉलरना विकले गेले, आणि ते सहाच प्रतींच्या संचातले होते. पण त्या मर्यादेला मोल आले ते आधीच्या अनेक वर्षांच्या कामामुळे. ज्याच्या वर्षाला चार प्रती विकल्या जातात, त्याने ‘फक्त ५०० प्रती’ असे जाहीर करण्यात काही अर्थ नाही. मर्यादा ठरवलीच, तर प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालावा, नोंदवही ठेवावी आणि संख्या कधीही वाढवू नये.

परवानगीच्या व्यवहारात कागद आणि शाई नसतात, म्हणून खर्चावरून किंमत निघत नाही. ती वापरावरून निघते. १८८६ साली झालेल्या बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांत छायाचित्राचा कॉपीराइट कोणत्याही नोंदणीविना मिळतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचे हक्क मात्र काही देशांत, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातात; तेव्हा असे काम घेण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. चित्र कुठे वापरणार, केवढ्या आकारात, किती काळ, आणि त्या काळात ते दुसऱ्या कोणाला देण्याची मुभा आपल्याला राहणार की नाही, हे विचारल्याशिवाय दर सांगू नये. वार्तापत्राच्या आतल्या पानावर एकदा छापणे आणि उत्पादनाच्या खोक्यावर तीन वर्षे वापरणे यांना एकच दर लागू शकत नाही. उत्तर साधारण असे लिहावे: ‘हे छायाचित्र आपल्या संकेतस्थळाच्या मुखपानावर एक वर्ष वापरण्याची परवानगी या रकमेत मिळेल, छपाई, जाहिरात किंवा दुसऱ्या कोणाला वापरायला देणे यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागेल.’ ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द करारात दिसले, की थांबून दर नव्याने सांगावा. चित्राखाली नाव छापण्याची तयारी कोणी मोबदला म्हणून पुढे केली, तर नाव छापणे हा आपला हक्क असल्याचे सौजन्याने सांगावे.

स्टॉक संकेतस्थळांवर, म्हणजे अनेकांची छायाचित्रे एकत्र ठेवून त्यांच्या वापराची परवानगी विकणाऱ्या संकेतस्थळांवर, किंमत आपल्या हातात नसते. शटरस्टॉकने २०२० मध्ये आणलेल्या रचनेत छायाचित्रकाराचा वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत पायरीपायरीने वाढतो आणि दर १ जानेवारीला पुन्हा तळाच्या पायरीवर येतो. तिथे विकले गेलेले चित्र पुढे कोणाला एकट्यालाच वापरण्याच्या हक्कासह देता येत नाही, म्हणून आपली निवडक चित्रे तिथे न टाकणेच मला योग्य वाटते.

जाहिरातीसाठी दिलेल्या चित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल, तर तिची सही असलेले संमतिपत्र हवे. वास्तूंच्या बाबतीतही कधी कधी अडचण येते; आयफेल टॉवर दिवसा टिपलेला असेल तर प्रश्न नाही, पण त्याच्या रात्रीच्या रोषणाईचे चित्र व्यावसायिक कामाला वापरायचे, तर परवानगी लागते.

पैसे जमा होईपर्यंत लांब कडेला १२०० पिक्सेल असलेला नमुनाच पाठवावा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आपल्याकडेच ठेवावी. बिलावर परवानगीच्या अटी आणि तिची शेवटची तारीख लिहावी, आणि तीच तारीख दिनदर्शिकेतही टिपून ठेवावी. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी दोन ओळींची विचारणा केली, तर चित्र बदलण्याच्या खटाटोपापेक्षा मुदत वाढवून घेणे वापरणाऱ्यालाही सोयीचे वाटते. माझ्या विक्रीचा बराच भाग अशा विचारणांतूनच आलेला आहे.