आयईएलटीएसचं लिसनिंग: ऐकू आलेलं उत्तर हातून निसटू नये म्हणून

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगचे, म्हणजे ऐकून उत्तरं लिहिण्याचे, प्रश्न 40, भाग 4, वेळ साधारण 30 मिनिटं, आणि ऑडिओ एकदाच ऐकायला मिळतो. 30 उत्तरं बरोबर आली की साधारण 7 बँड (9 पैकी गुणपातळी), 35 आली की 8. मधली पाच उत्तरं बहुधा नीट ऐकूनही लिहिताना जातात, म्हणून तयारीचा जोर लिहिण्यावर द्या.

ऑडिओआधी प्रश्न वाचायला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येक रिकाम्या जागी काय बसेल ते ताडा: आकडा, वार, आडनाव, वस्तू? जागेआधी ‘टू’ (दोन) किंवा ‘सेव्हरल’ असेल तर अनेकवचन हवंच, बहुधा शेवटी एस. ‘टिकेट्स’ ऐकून ‘टिकेट’ लिहिलं की गुण गेला, अर्धा मिळत नाही. शब्दमर्यादाही पाहा. ‘वन वर्ड ओन्ली’ असताना ‘ग्रीन बॅग’ हे उत्तर चूकच धरतात.

पहिल्या भागात नाव-पत्ता अनेकदा अक्षरं सुटी करून सांगतात. इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहिताना आपण ‘ए’च्या उच्चारासाठी ई हे अक्षर दाबतो आणि ‘ई’साठी आय. त्यामुळे बोलणाऱ्यानं ‘ए’ (A) म्हटलं की बोट ई (E) कडे जातं. रोज कुणाकडून तरी पॅटरसन, हॅरिसन अशी दहा आडनावं एकेक अक्षर सुटं करून वाचून घ्या आणि न थांबता लिहा. ‘डबल टी’ म्हणजे टी दोनदा, हे हाताला सवयीचं व्हायला हवं. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी असतो, ‘थर्टी’त सुरुवातीला.

दुरुस्तीचा चकवाही असतो. ‘ट्यूसडे... ओह, दॅट्स फुल, लेट्स से थर्सडे.’ उत्तर थर्सडे. बोलणं पुरतं संपू द्या.

चौथा भाग म्हणजे एकट्याचं व्याख्यान, मध्ये थांबा नाही. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानंच येतात, तेव्हा एक हुकलं तर ते सोडा आणि नजर पुढच्या प्रश्नावर न्या. मागचं आठवत बसलात की आणखी दोन जातात. म्हणूनच सरावात ऑडिओ मागे नेऊन ऐकायची सवय मुळीच लावून घेऊ नका.

कॉम्प्युटरवर शेवटी तपासायला 2 मिनिटं असतात. आधी रिकाम्या जागा भरा, कारण चुकीसाठी गुण कापत नाहीत. मग अनेकवचनं, मग स्पेलिंग. ब्रिटिश, अमेरिकन दोन्ही चालतात.